आजोबांच्या फियाटचा मूळ रंग शोधताना

जुनी गाडी रिस्टोर करायला काढली की इंजिनबद्दल सांगायला दहा जण पुढे येतात, पत्र्याबद्दलही येतात, पण "हिचा कंपनीतून आलेला मूळ रंग कोणता होता आणि तो आज कसा बनवायचा" असं विचारलं की बहुतेक जण शेड कार्ड हातात देतात आणि म्हणतात त्यातला जवळचा घ्या. मला जवळचा नको होता. जून २०२३ मध्ये सुरू केलेलं हे काम मार्च २०२४ मध्ये कागदपत्रांसकट पूर्ण झालं, आणि मधल्या काळात जे जे कळलं ते मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर खूप बरं झालं असतं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

गाडी १९६८ सालची, फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. हीच गाडी पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी या नावाने सगळीकडे झाली. आजोबांनी ती कोल्हापुरात घेतली, नंतर बाबांनी पुण्याला आणली. मला आठवते तेव्हापासून ती पांढरीच आहे. पण आत्या ठामपणे सांगते की गाडी पिस्ता रंगाची होती, आणि मोठे काका तितक्याच ठामपणे सांगतात की राखाडी, "सिमेंटसारखी". दोघंही त्या गाडीतून शाळेत गेलेले, त्यामुळे कुणाचं खोटं म्हणणार!

सगळ्यात आधी आरसी बुक काढलं. जुनं पुस्तक, हाताने भरलेलं, पानं पिवळी. रंगाच्या रकान्यात आधी 'ग्रे' लिहिलेलं, त्यावर रेघ मारून १९९१ चा शिक्का आणि 'व्हाइट'. काका खूश झाले. पण एक लक्षात घ्या, आरसीवर कारकून ढोबळ रंग लिहितो. हिरवट राखाडी असेल तर एकाने ग्रे लिहिला असता, दुसऱ्याने ग्रीन. त्यामुळे आरसीवरून फक्त एवढंच कळतं की गाडी लाल किंवा काळी नव्हती, शेड कळत नाही. आमच्या गाडीवर कुठेही रंगाचा कोड असलेली पट्टी सापडली नाही, बोनेटखाली चेसिस नंबरच्या प्लेटवरही रंगाबद्दल काही नव्हतं. तुमच्या गाडीवर असेल तर नशीब समजा, पण तरी पुढचं वाचा, कारण कोड मिळाला तरी त्या कोडचा आज बनवलेला रंग तुमच्या गाडीशी जुळेलच असं नाही.

कागदांचं काम आधी सुरू करा हे माझं अगदी आग्रहाचं सांगणं आहे. आरसीवर पांढरा रंग नोंदलेला असताना गाडी दुसऱ्या रंगाची केली तर ते अल्टरेशन होतं आणि ते आरसीवर चढवावं लागतं, मग तो रंग कंपनीचा मूळ का असेना. आमच्या आरटीओत विचारल्यावर सांगितलं की आधी अर्ज द्या, काम करा, मग गाडी इन्स्पेक्टर साहेबांना दाखवा. पण अर्ज ऑनलाइन भरायला गेलो तर गाडीचा नंबरच सिस्टीममध्ये नाही. तीन अक्षरी जुना नंबर, रेकॉर्ड अजून रजिस्टरमध्येच. म्हणजे आधी 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यायची, त्यासाठी मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आधार आणि चेसिस नंबरचा प्रिंट (कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात तो). हे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दिलं आणि एंट्री दिसायला ऑगस्ट उजाडला. जुनं रजिस्टर शोधायला वेळ लागतो, त्यात त्या माणसांचाही दोष नाही, पण दर आठवड्याला जाऊन नम्रपणे विचारत राहावं लागतं. आमच्या आरसीची मुदत २०२६ पर्यंत होती म्हणून रिन्यूअल मध्ये आलं नाही. तुमची मुदत संपत आली असेल तर रंगाच्या आधी ते बघा.

मध्येच कुणीतरी सुचवलं की पन्नास वर्षांवरची गाडी आहे तर व्हिंटेज म्हणून रजिस्टर करा. तो नियम २०२१ मध्ये आला, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतर पुन्हा करताना ५,०००. पण व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. आम्हाला ती गाडी आईला देवळात न्यायला आणि रविवारी सिंहगड रोडने फिरायला हवी होती, त्यामुळे तो विषय तिथेच थांबवला.

आता रंग. गॅरेजच्या दादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ताई, गाडी द्या, आठवड्यात रंग उतरवतो. मी त्यांना थांबवलं आणि हे थांबवणं फार महत्त्वाचं ठरलं. एकदा रिमूव्हर लागला की पुरावा गेला. त्याआधी गाडीवर जिथे जिथे मूळ रंग शिल्लक असू शकतो त्या जागा शोधून, फोटो काढून, मार्करने लिहून ठेवायच्या. बाहेरून रंग मारणारा माणूस घाईत असतो, तो सगळं सोडवून बसत नाही, आणि म्हणूनच मूळ रंग वाचतो. मागच्या नंबर प्लेटच्या मागे. दरवाजाच्या रबर बीडिंगखाली. दरवाजाच्या आतला पुठ्ठा काढला की त्यामागे. मागच्या सीटची पाठ काढली की तिच्या मागच्या पत्र्यावर. डिकीत स्टेपनीच्या खाली, पण तिथे आमच्याकडे गंजच जास्त होता. पुठ्ठा काढताना क्लिपा तुटतात, नाना पेठेत तशाच मिळतात, दहा-बारा जास्त आणून ठेवा.

सीटची पाठ काढली आणि आत्याचा पिस्ता दिसला. फिकट हिरवा, जरा पिवळसरच. मी लगेच फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. पण नंबर प्लेट काढली तर तिच्यामागे जो रंग निघाला तो बराच राखाडी, त्यात हिरवटपणाची नुसती झाक. एकाच गाडीवर, एकाच कारखान्यातून आलेला रंग, आणि दोन जागी दोन वेगळे! इथे मी बरेच दिवस अडकून होते.

मग थर बघायचं ठरवलं. मडगार्डच्या सपाट भागावर रुपयाएवढी जागा घेऊन वॉटर पेपरने पाण्यात हळूहळू घासत जायचं, मध्यभागी जास्त, कडेला कमी, म्हणजे एकाखाली एक रंगाच्या रिंगा दिसायला लागतात. १००० नंबरच्या पेपरने सुरू करून २००० ने संपवायचं, नाहीतर ओरखड्यांमुळे रंग आहे त्यापेक्षा फिका दिसतो. आमच्याकडे वरून पांढरा, त्याखाली राखाडी सर्फेसर (रंगाआधी मारायचं अस्तर), त्याखाली चक्क मरून (हा कधी मारला घरात कुणालाच आठवत नाही आणि आरसीवरही नोंद नाही), मग तो हिरवट राखाडी, आणि शेवटी रेड ऑक्साइडचा तांबडा प्रायमर आणि पत्रा. तांबड्या प्रायमरला चिकटून असलेला रंग तोच पहिला, यात शंका राहत नाही. हे घासणं पाण्यातच करा आणि तोंडाला नीट मास्क लावा. जुन्या रंगांमध्ये शिसं असतं, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि त्यातून बनवलेल्या हिरव्या शेडमध्ये लेड क्रोम वापरायचे, ती धूळ कोरडी उडाली की सरळ छातीत जाते. घरात लहान मुलं असतील तर ते कपडेही वेगळे धुवा.

गॅरेजमधल्या पेंटरदादांनी आणखी एक साधी टेस्ट दाखवली. फडक्याला थिनर लावून प्रत्येक थर चोळायचा. पांढरा आणि मरून लगेच विरघळून फडक्यावर आले, म्हणजे ते बाहेर गॅरेजमध्ये मारलेले एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, ज्याला जुने लोक सरसकट 'ड्यूको' म्हणतात. खालचा हिरवट राखाडी मात्र जागचा हलला नाही. दादा म्हणाले, हा भट्टीत भाजलेला इनॅमल दिसतोय. आणि यातूनच त्या दोन शेडचं कोडं सुटलं. तेलाच्या जातीचे इनॅमल अंधारात राहिले की पिवळे पडत जातात. घरातल्या पांढऱ्या ऑइलपेंटच्या दाराचा कपाटामागे झाकलेला भाग पिवळा झालेला तुम्ही बघितला असेलच. सीटमागचा पत्रा पंचावन्न वर्षं अंधारात होता, म्हणून तो पिवळसर, आणि पिवळा मिसळल्यामुळे जास्त हिरवा दिसत होता. खात्री करायला सीटमागची एक छोटी पट्टी स्क्रू काढून घरी आणली आणि गॅलरीत ठेवली. पाऊस होता, ऊन अधूनमधूनच, तरी दोन-तीन आठवड्यांत तिचा पिवळेपणा स्पष्ट उतरला आणि ती नंबर प्लेटमागच्या रंगाच्या खूप जवळ आली. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो शब्दात सांगता येणार नाही.

उलट बाजूही आहे. उन्हात असलेला रंग उडतो आणि वरून खडूसारखा पांढरट होतो. त्यामुळे बाहेरची जागा वापरायची असेल तर आधी रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने पॉलिश करून मेलेला थर काढायचा. फडक्यावर हिरवट रंग येतो, घाबरू नका, वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक चमकीचा थर, नसलेल्या रंगाचं तसंच होतं. पॉलिश झाल्यावर खालून जो रंग निघतो तो बघून मग ठरवायचं.

फोटोंचं काय, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडे १९७४ च्या आसपासचा गाडीचा एक रंगीत फोटो आहे, आत्याच्या साखरपुड्याचा. त्यात गाडी चक्क गुलाबीसर राखाडी दिसते. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंगद्रव्याचा थर आधी उडतो आणि सगळा फोटो लालसर होतो, लोकांचे चेहरेही त्यात तांबूस दिसतात. त्यामुळे फोटोवरून शेड काढू नका. पण फोटो दुसऱ्या कामाला येतो: गाडी एकरंगी होती की छत वेगळं होतं, रिम कोणत्या रंगाची, क्रोमची पट्टी कुठून कुठपर्यंत. आमचं छत वेगळं नव्हतं हे त्या फोटोनेच पक्कं केलं.

जुलैमध्ये नाना पेठेतल्या एका रंगाच्या दुकानात गेले, जिथे मशीनवर मिक्सिंग करून देतात. नंबर प्लेटमागचा भाग तर गाडीवरच, म्हणून दरवाजाच्या आतला एक सुटा होणारा सपाट तुकडा नेला होता, पॉलिश करून. मशीनला सपाट आणि स्वच्छ जागा लागते, दहा रुपयांच्या नाण्याएवढी तरी, गोलाई असली किंवा ओरखडे असले की रीडिंग चुकतं. एकाच जागेचं रीडिंग घेऊ नका, वेगवेगळ्या ठिकाणी घेऊन सरासरी काढायला सांगा, चांगला माणूस नाही म्हणत नाही. मशीन काय करतं तर त्या रंगावरून परत येणारा प्रकाश मोजतं आणि स्वतःकडच्या फॉर्म्युल्यांमध्ये सगळ्यात जवळचा शोधतं. ते फॉर्म्युले बहुतेक हल्लीच्या गाड्यांचे. आम्हाला जो जवळचा म्हणून मिळाला तो पडद्यावर ठीक वाटला, फरक दाखवणारा आकडा, त्याला डेल्टा ई म्हणतात, दोनच्या वर होता. साधारण एकच्या खाली आला तर डोळ्याला फरक कळणं अवघड. दुकानदार काका म्हणाले चालून जाईल. २०० मिली बनवून घेतला, ३५० रुपये, पत्र्यावर मारून बघितला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली अगदी जुळला. रस्त्यावर उन्हात नेला तर निळसर हिरवा, आमचा तुकडा शेजारी मातकट वाटायला लागला.

हे का होतं ते त्या काकांनीच समजावलं आणि मला ते फार पटलं. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेले असले तर एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. मशीनने जो फॉर्म्युला दिला त्यात थॅलो नावाचं हिरवं रंगद्रव्य होतं, आजकाल बहुतेक हिरव्यांत तेच असतं. थॅलो अतिशय तेज, थेंबभर जास्त झाला तरी सगळा डबा निळसर होतो. १९६८ च्या रंगात नक्की काय होतं हे आपल्याला माहीत नाही, पण त्याचा मातकटपणा बघून दुकानदार काका म्हणाले की यात हिरवा टिंटर (मिसळायचा घट्ट रंग) नावापुरताच असणार, बाकी काम काळ्या आणि यलो ऑक्साइडने केलेलं असणार. काळ्यात पिवळा मिसळला की शेवाळी हिरवट रंग येतो, हे मलाही तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी मशीनचा फॉर्म्युला बाजूला ठेवला आणि हाताने सुरू केलं: पांढरा बेस, त्यात यलो ऑक्साइड, काळा, आणि अगदी शेवटी काडीच्या टोकाने हिरवा. प्रत्येक वेळी वजनकाट्यावर मोजून वहीत लिहायचं. असा माणूस मिळाला तर त्याला घाई करू नका. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा जा, सकाळी आणि संध्याकाळी गॅरेजवाल्यांची रांग असते.

मध्ये आरएएलचं शेड कार्डही लावून बघितलं, जर्मनीत १९२७ मध्ये सुरू झालेली पद्धत, आणि आपल्याकडचं आयएस ५ या भारतीय मानकाचं कार्डही, ज्यात सरकारी यंत्रांचे आणि पंपांचे रंग असतात. आयएस ५ मधला २७५ नंबरचा ओपालाइन ग्रीन आत्याच्या आठवणीच्या जवळचा आणि ६९२ नंबरचा स्मोक ग्रे काकांच्या. आमचा रंग दोघांच्या मध्ये कुठेतरी. कार्डाचा उपयोग एवढाच की फोनवर पेंटरशी बोलताना "२७५ पेक्षा मळकट" असं सांगता येतं.

सॅम्पल कसं बघायचं याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सॅम्पल कागदावर किंवा डब्याच्या झाकणावर काडीने लावून बघू नका. पत्र्याच्या तुकड्यावर, गाडीला जो प्रायमर आणि सर्फेसर लागणार तोच खाली मारून, त्याच गनने, तेवढ्याच कोटने मारा. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो, त्यामुळे रात्रभर वाळू द्या. मूळ तुकडा आणि सॅम्पल एकमेकांना चिकटवून, कडेला कड लावून बघा, मध्ये फट असली की डोळा फसतो. दुपारचं कडक ऊन, सकाळची सावली, ट्यूबलाइट, पिवळा बल्ब, सगळीकडे बघा. ढगाळ दिवशी शेवटचा निर्णय घेऊ नका, त्या उजेडात निळसरपणा असतो. आणि घरातल्या दोन-तीन माणसांना न सांगता विचारा की यातला जुना कोणता. आमच्या घरी ऑगस्टच्या शेवटी आत्या आणि काका दोघंही आले होते. उन्हात तुकडा बघून आत्या म्हणाली, हाच पिस्ता. मग आत बैठकीत पिवळ्या दिव्याखाली नेला तर काका म्हणाले, बघ, सिमेंटच आहे. आजोबांच्या गॅरेजमध्ये पिवळा बल्ब होता आणि काकांचं काम रोज संध्याकाळी गाडी पुसणं. आत्या सकाळी उन्हात गाडीत बसायची. दोघांनीही जे बघितलं तेच सांगितलं होतं.

एक प्रश्न मात्र कुठलंच मशीन सोडवत नाही. मूळ म्हणजे १९६८ मध्ये शोरूममधून निघाली तेव्हाचा, की आज पॉलिश केल्यावर दिसतो तो? माझं मत असं झालं की झाकलेल्या, उन्हात ठेवून पिवळेपणा उतरवलेल्या आणि पॉलिश केलेल्या तुकड्याला धरून चालायचं, कारण हातात धरता येईल असा दुसरा पुरावा नाही. काही लोक नव्या गाडीसारखी झगझगीत हवी म्हणून शेड जरा उजळ घेतात. मला ते पटत नाही. मग तो आपल्याला आवडलेला रंग होतो, गाडीचा राहत नाही.

तोपर्यंत पत्र्याचं काम चालू होतं. फ्लोअर सडला होता, दरवाजांचे खालचे भाग गेले होते, जुनी पुट्टी (खड्डे भरायची लांबी) काही ठिकाणी बोटभर जाड. डेंटर मामा कोकणातले, गणपतीला गावी गेले ते सप्टेंबर संपता संपता आले. मग पितृपक्ष, पेंटरदादा म्हणाले नवं काम आता नको, आणि तसंही हवेत दमट होतं. दमट हवेत रंग मारला तर चमक मरते, कधी पांढरी धुरकट साय येते, म्हणून पावसाळ्यात कुणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणालं तरी थांबा. २४ ऑक्टोबरला दसऱ्याला गाडीची पूजा केली, आणि त्यानंतर रंगाला हात लागला. नेमक्या त्याच आठवड्याच्या शेवटी मुंबईतून पद्मिनी टॅक्सी कायमच्या बंद झाल्याच्या बातम्या आल्या. पेंटरदादांनी तरुणपणी कुर्ल्याला टॅक्सींना काळा-पिवळा मारलेला, ते दिवसभर तेच बोलत होते.

सगळी गाडी एकदम मारायची नाही असं आधीच ठरवलं होतं. आधी फक्त डिकीचं झाकण. छोट्या तुकड्यावर बरोबर वाटलेली शेड मोठ्या पत्र्यावर उजळ आणि जास्त रंगीत दिसते, हे घराच्या भिंती रंगवणाऱ्यांनाही माहीत असतं. डिकी मारून दोन दिवस उन्हात ठेवली. जरा जास्त हिरवी वाटली. पण शेजारी मूळ तुकडा धरला तर अगदी एक. म्हणून बदल केला नाही. मोठ्या पत्र्यावर १९६८ मध्येही ती तशीच दिसली असणार.

रंग टू-के पीयू घेतला, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन, सॉलिड (चंदेरी कण नसलेला), वरून लॅकर नाही. जुन्या सॉलिड रंगावर लॅकर चढवला की गाडीवर काच ठेवल्यासारखी चमक येते आणि शेड बरोबर असूनही गाडी चुकीची वाटते. बिनलॅकर पीयू बफिंगने मऊ चमकतो. पुढे कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. फक्त पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला नाकाला बांधलेला रुमाल चालत नाही, कार्ट्रिजचा मास्क लागतो. आमच्या पेंटरदादांकडे नव्हता, मी अडीच हजारांचा आणून दिला आणि लावल्याशिवाय गन हातात घेऊ दिली नाही. संपूर्ण गाडीला आतून-बाहेरून साडेतीन लिटर लागला, आम्ही साडेचार लिटर एकाच घाण्यात बनवून घेतला होता. दोन वेळा बनवलेला रंग कधीच शंभर टक्के एक येत नाही, म्हणून एकदाच आणि जास्तीचा. उरलेला हार्डनर न मिसळता, काठोकाठ भरतील अशा छोट्या डब्यांत ठेवलाय, हवा कमी राहिली की टिकतो.

खर्च असा आला. रंग, हार्डनर, थिनर १६,५००. प्रायमर, सर्फेसर, पुट्टी, पेपर मिळून ११,०००. पत्रा आणि डेंटिंग ६८,०००. पेंटिंगची मजुरी ५५,०००. सॅम्पल बनवण्यात साधारण २,५०० गेले आणि सगळ्या खर्चात मला तेच सगळ्यात योग्य जागी गेलेले पैसे वाटतात. पुण्यात याहून कमीतही होतं आणि दुपटीतही होतं, पत्रा किती गेलाय त्यावर आहे.

डिसेंबरमध्ये गाडी आरटीओत दाखवायला नेली. सोबत गॅरेजचं बिल, आधीचे आणि नंतरचे फोटो, इन्शुरन्स, पीयूसी, नवा चेसिस प्रिंट. इन्स्पेक्टर साहेबांनी गाडीभोवती फिरून विचारलं, ताई, रंग काय लिहू, ग्रे की ग्रीन? मी सावलीत उभी असलेली गाडी त्यांना उन्हात घ्यायला लावली आणि मग त्यांनीच लाइट ग्रीन लिहिलं. त्यानंतर फाइल एका टेबलावर बरेच दिवस राहिली, जानेवारीत कळलं की बॅकलॉग एंट्रीत इंजिन नंबरचा एक आकडा चुकीचा टाइप झालाय, तो दुरुस्त करायला वेगळा अर्ज. म्हणून एंट्री झाल्याबरोबर घरी बसून एकेक आकडा जुन्या पुस्तकाशी ताडून बघा. कार्ड मार्चमध्ये पोस्टाने आलं. इन्शुरन्स कंपनीला रंग बदलल्याचं ईमेलने कळवलं, त्यांनी एंडॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची नोंद) पाठवलं, त्याला पैसे पडले नाहीत.

सीटमागचा एक हातभर पत्रा आम्ही मुद्दाम रंगवला नाही. त्यावर १९६८ चा रंग तसाच आहे, शेजारी नवा, आणि मध्ये टेपची सरळ रेघ. पेंटरदादांना ते आवडलं नव्हतं, काम अर्धवट दिसतं म्हणाले, पण पुढे कधी कुणाला टचअप करायचा झाला तर त्यांच्याकडे खरा नमुना असेल. फॉर्म्युल्याची वही, सॅम्पलचे पत्रे मागे तारखा आणि ग्रॅम लिहून, हेही एका डब्यात आहे. रंगाचं प्रमाण कुणाला हवं असेल तर देईन, पण तुमच्या गाडीचा तुकडा शेजारी धरून बघितल्याशिवाय मारू नका, त्या काळी एकाच नावाच्या रंगाच्या दोन गाड्याही तंतोतंत एकसारख्या असतील याची खात्री नाही.

आता रिमचं काम घेतलंय. एका रिमच्या आतल्या बाजूला गंजाखाली क्रीम रंग निघालाय, दुसऱ्यावर चंदेरी, आणि आत्याच्या साखरपुड्याच्या फोटोत चाकं तिच्या शालूमागे झाकली गेलीयेत. ज्यांच्याकडे साठच्या दशकातली न रंगवलेली डिलाइट असेल त्यांनी स्टेपनीच्या रिमची आतली बाजू एकदा बघून मला कळवलं तर फार मदत होईल.